त्रुटी शोधणारं सॉफ्टवेअर कसं निवडावं: सोलापुरातल्या छोट्या-मध्यम व्यवसायांसाठी

चिंचोळी एमआयडीसीतून परदेशात टॉवेल पाठवणाऱ्या कारखान्याला खरेदीदाराकडून हल्ली कापडाच्या चाचण्यांबरोबर संगणक सुरक्षेची प्रश्नावलीही येते. तुमच्याकडे व्हल्नरेबिलिटी मॅनेजमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी शोधून बंद करण्याची व्यवस्था, आहे का, गंभीर त्रुटी किती दिवसांत बंद करता, शेवटचं स्कॅन कधी झालं, असे प्रश्न त्यात असतात. मोठ्या ब्रँडसाठी गणवेश शिवणाऱ्यांना, विमा कंपन्यांशी जोडलेल्या हॉस्पिटलांना, दुसऱ्यांचा डेटा सांभाळणाऱ्या छोट्या आयटी फर्मना हेच विचारलं जातं. मग मालक इंटरनेटवर शोधतात, तीन-चार कंपन्यांचे फोन येतात आणि प्रत्येक जण आपलंच सॉफ्टवेअर सगळ्यात जास्त त्रुटी पकडतं असं सांगतो.

माझं ठाम मत असं, की किती त्रुटी सापडतात हा निवडीचा पहिला निकष धरूच नये. सापडलेली त्रुटी तुमच्याकडचा माणूस किती लवकर आणि किती कमी कटकटीत बंद करू शकतो, यावर सॉफ्टवेअर निवडा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत.

नागरी सहकारी बँकांनी मात्र सुरुवात इथून करू नये. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेची सायबर सुरक्षेची वेगळी चौकट २०१८ पासून आहे आणि बँक कोणत्या पातळीत बसते त्यावर पुढचं सगळं ठरतं.

आधी हे नेमकं काय आहे ते

विंडोज, टॅली, ब्राउझर, राउटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, सगळ्यांत आत सॉफ्टवेअर असतं आणि सॉफ्टवेअरमध्ये चुका निघतात. निघालेली चूक जाहीर झाली की तिला एक क्रमांक मिळतो, त्याला सीव्हीई म्हणतात. ही पद्धत १९९९ पासून चालू आहे. तुमच्या संगणकांवर काय काय बसवलंय, त्याची कोणती आवृत्ती आहे आणि त्या आवृत्तीत कोणत्या जाहीर त्रुटी आहेत, याची जुळणी व्हल्नरेबिलिटी मॅनेजमेंट सॉफ्टवेअर सतत करत राहतं. चांगलं असेल तर कोणती आधी बंद करायची तेही सांगतं आणि बंद झाली की नाही हे पुन्हा तपासतं.

"आमच्याकडे अँटिव्हायरस आहे" हे याचं उत्तर होत नाही. अँटिव्हायरस आत शिरलेली घातक फाइल ओळखतो, ती ज्या जुन्या आवृत्तीतून शिरली ती तशीच राहते. वर्षातून एकदा बाहेरचा ऑडिटर येऊन करतो ती तपासणी, म्हणजे व्हीएपीटी, हीसुद्धा वेगळी. ती त्या आठवड्याचं चित्र दाखवते. दरम्यान नव्या त्रुटी रोज जाहीर होत असतात.

वेळेचं महत्त्व कळण्यासाठी २०१७ मधलं वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरचं (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या प्रोग्रॅमचं) उदाहरण पुरेसं आहे. ज्या त्रुटीतून ते जगभर पसरलं, तिचा पॅच, म्हणजे ती बंद करणारा दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चला दिला होता. हल्ला झाला १२ मेला. जवळपास दोन महिने उपाय हातात असूनही ब्रिटनमधली सरकारी हॉस्पिटलं अडकली, कारण तो सगळीकडे लावलाच गेला नव्हता.

पायरी १: वही घ्या आणि फिरा

विक्रेत्याला फोन करण्याआधी कारखाना नाहीतर ऑफिस स्वतः फिरून यादी करा. "आपल्याकडे वीस कॉम्प्युटर आहेत" असं मालक सांगतात, ते टेबलावर दिसणारे असतात. कपाटावर ठेवलेला डीव्हीआर, दारातलं बोटाचे ठसे घेणारं हजेरीचं यंत्र, डिझाइन विभागातला जॅकार्डचं काम करणारा जुना पीसी, बारकोड प्रिंटर, गोदामातला वायफाय राउटर, विक्रीवाल्यांचे लॅपटॉप, घरी नेलेला अकाउंटंटचा संगणक हे त्या वीसमध्ये नसतात. वेबसाइट आणि ईमेल कुणाच्या नावावर, कुठं आहेत, हे तर बऱ्याचदा ज्यानं बनवून दिलं त्यालाच ठाऊक असतं.

एक्सेलमध्ये प्रत्येक वस्तूपुढे चार गोष्टी लिहा: ती काय आहे, कुणाच्या ताब्यात आहे, ती बंद पडली तर काम किती वेळ चालेल आणि ती बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून, दिसते का. चौथ्या रकान्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. मालकांना घरून टॅली बघता यावं म्हणून कुणीतरी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, म्हणजे दूरवरून तो संगणक चालवण्याची वाट, उघडून ठेवलेला असतो. कॅमेरे मोबाइलवर दिसावेत म्हणून डीव्हीआरही थेट इंटरनेटवर असतो. खंडणीखोर सॉफ्टवेअर आत येण्याच्या नेहमीच्या वाटांमध्ये उघडा रिमोट डेस्कटॉप बराच वरचा आहे. तो आजच बंद करा आणि घरून काम हवंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट, घ्या. त्यासाठी कोणत्याही सॉफ्टवेअरच्या कोटेशनची वाट पाहू नका.

याच फेरीत विंडोजची आवृत्तीही लिहून घ्या. विंडोज ७ चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळणं, जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, पण त्यात नाव नोंदवावं लागतं, आपोआप मिळत नाहीत. आधार संपलेल्या संगणकांवर कितीही महागडं स्कॅनर लावलं तरी तो दर आठवड्याला तेच लाल रंगात दाखवेल. आधी हे संगणक बदलण्याचं बजेट ठरवा. कधीकधी सॉफ्टवेअरसाठी बाजूला काढलेले पैसे इथं खर्च करणं जास्त शहाणपणाचं असतं.

पायरी २: बंद कोण करणार, त्याचं नाव लिहा

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पगारी आयटी माणूस नसतो. एएमसीवाला (वार्षिक देखभालीचं कंत्राट घेतलेला) असतो, त्याच्याकडे अशी पुष्कळ गिऱ्हाइकं असतात, आणि करारात "बिघाड झाल्यास दुरुस्ती" इतकंच असतं. नियमित अपडेट टाकणं त्यात नसतं. सॉफ्टवेअर घेतलं, रिपोर्ट ईमेलवर येऊ लागले आणि ते कुणी उघडलेच नाहीत, असं झालं की पैसे तर गेलेच, वर "त्रुटी माहीत असून काही केलं नाही" असा लेखी पुरावा तयार झाला.

म्हणून खरेदीआधी एएमसीवाल्याला समोर बसवा. महिन्यातून किती तास देणार, तातडीच्या त्रुटीला किती वेळात येणार, पॅच लावल्यावर टॅली किंवा बिलिंग बंद पडलं तर तो काढून संगणक पूर्वीसारखा कोण करणार, हे बोलून करारात घाला. त्याचे पैसे वाढवून मागितले तर द्या, ते काम खरंच वाढतं. ऑफिसमधल्याही एकाचं नाव ठरवा. त्याला तांत्रिक ज्ञान नसलं तरी चालेल. दर आठवड्याला रिपोर्ट उघडून "हे झालं का?" असं विचारण्याचा त्याला अधिकार असला पाहिजे, आणि तो मालकांनी सगळ्यांसमोर द्यायला हवा.

असा माणूस मिळत नसेल तर सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. त्याऐवजी शोधण्यापासून बंद करण्यापर्यंतचं काम एकत्र करून देणारी सेवा घ्या.

पायरी ३: एजंट की नेटवर्क स्कॅन

एजंट म्हणजे प्रत्येक संगणकावर बसवलेला छोटा प्रोग्रॅम. तो आतून पाहतो, त्यामुळे नेमकी माहिती देतो, आणि लॅपटॉप पंढरपूरला असो की पुण्याला, इंटरनेट मिळालं की कळवतो. नेटवर्क स्कॅनर एका जागी बसून सगळ्या पत्त्यांवर टकटक करतो. एजंट बसवता न येणारे राउटर, प्रिंटर, डीव्हीआर त्याला दिसतात. नेटवर्क स्कॅनरला संगणकाचं लॉगिन दिलं तर तोही आतलं पाहू शकतो. लॉगिन न दिलेलं स्कॅन फक्त बाहेरून दिसेल तेवढंच सांगतं आणि बरेचसे अंदाज करतं. डेमोत कोणतं स्कॅन दाखवताहेत हे विचारा, कारण दोन्हींच्या निकालांत मोठा फरक पडतो.

टेबलावरचे संगणक आणि लॅपटॉप जास्त असतील तर मुख्य भर एजंटवर आणि जोडीला महिन्यातून एक नेटवर्क स्कॅन, हे माझ्या मते इथल्या बहुतेक व्यवसायांना पुरतं.

एक धोका मात्र नीट समजून घ्या. मागांचे आणि इतर यंत्रांचे जुने कंट्रोलर, तसंच हॉस्पिटलातली काही उपकरणं जोरदार नेटवर्क स्कॅन सहन करत नाहीत. ती अडकतात किंवा बंद पडतात. अशा यंत्रांचे पत्ते पहिल्या स्कॅनमधून वगळा, यंत्र पुरवणाऱ्याला विचारा आणि मग सुट्टीच्या दिवशी, ऑपरेटर जागेवर असताना, हलकं स्कॅन करून पाहा. पत्ते वगळण्याची आणि वेळ ठरवण्याची सोय ज्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, ते कारखान्यासाठी घेऊच नये.

पायरी ४: प्राधान्य कसं लावतं ते विचारा

पहिल्या रिपोर्टमध्ये शेकडो, कधी हजारो ओळी येतात. सगळ्या बंद करणं कुणालाच जमत नाही. कोणत्या आधी घ्यायच्या हे सॉफ्टवेअरला सांगता आलं पाहिजे.

सगळीकडे दिसणारा आकडा सीव्हीएसएस, ० ते १०. ९ ते १० अतिगंभीर, ७ ते ८.९ गंभीर. हा आकडा त्रुटी तत्त्वतः किती वाईट आहे ते सांगतो. ती वापरून हल्ले होताहेत का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी अमेरिकी सरकारची सिसा ही संस्था नोव्हेंबर २०२१ पासून एक यादी चालवते, तिला केईव्ही म्हणतात. प्रत्यक्ष हल्ल्यात वापरल्या गेलेल्या त्रुटीच तिच्यात येतात आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. तिसरा आकडा ईपीएसएस, पुढच्या ३० दिवसांत ती त्रुटी वापरली जाण्याची शक्यता किती, याचा अंदाज.

विक्रेत्याला सरळ विचारा: तुमच्या पडद्यावर केईव्हीमधल्या त्रुटी वेगळ्या गाळून दाखवा. इंटरनेटवरून दिसणाऱ्या यंत्रांवरच्या वेगळ्या दाखवा. दोन्ही एकत्र लावून दाखवा. हे दोन-तीन क्लिकमध्ये झालं तर तुमच्या माणसाला रोज सकाळी काय करायचं ते कळेल. फक्त लाल-पिवळे गोल आणि टक्केवारी दाखवत राहिले तर पुढच्या विक्रेत्याला बोलवा.

पायरी ५: पॅच लावतं का, आणि कशाकशाचा

लहान व्यवसायासाठी ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. काही सॉफ्टवेअर फक्त यादी देतात आणि प्रत्येक संगणकावर जाऊन अपडेट हातानं टाकावा लागतो. पन्नास संगणकांच्या ऑफिसात ते दुसऱ्याच महिन्यात थांबतं. त्याच पडद्यावरून पॅच पाठवता येणारं सॉफ्टवेअर थोडं महाग असलं तरी परवडतं.

पॅच लावणारी सगळीच सॉफ्टवेअर विंडोजचे पॅच लावतात, खरी परीक्षा इतर प्रोग्रॅमची. बऱ्याच संगणकांवर विनरार (फाइली दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) असतो आणि तो स्वतःहून अपडेट होत नाही. २०२३ मध्ये त्यातली एक त्रुटी हल्लेखोरांनी भरपूर वापरली, २०२५ मध्ये आणखी एक निघाली. जुनी आवृत्ती वर्षानुवर्षं तशीच पडून असते. विनरार, सेव्हनझिप, पीडीएफ रीडर, जावा, एनीडेस्क, क्रोम, फायरफॉक्स यांची यादी विक्रेत्याच्या हातात द्या आणि प्रत्येकापुढे "शोधतो का, पॅच लावतो का" हे लिहून घ्या. मराठी टायपिंगची साधनं, जीएसटीचे प्रोग्रॅम, स्थानिक डेव्हलपरनं बनवलेलं बिलिंग यांचे पॅच कुणाकडेच नसतात. त्यांची आवृत्ती तरी यादीत दिसावी.

आपल्या परिस्थितीतले आणखी काही मुद्दे विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात नसतात. ऑफिस सुटलं की मेन स्विच बंद करून जायची पद्धत अनेक ठिकाणी आहे, म्हणून "रात्री दोन वाजता पॅच लावू" ही योजना कागदावरच राहते. संगणक दुसऱ्या दिवशी सुरू होताच राहिलेला पॅच आपोआप लागला पाहिजे, आणि रीस्टार्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुढे ढकलता आला पाहिजे. पॅच लागत असताना वीज गेली तर विंडोज अडकू शकतो, त्यामुळे यूपीएस नसलेल्या संगणकांचा वेगळा गट करा. एकाच ब्रॉडबँडवर चाळीस संगणकांनी तोच मोठा अपडेट वेगवेगळा ओढला तर डिस्पॅचची ई-वे बिलं अडकतात. एकदाच उतरवून आतल्या आत वाटण्याची सोय आहे का, ते पाहा.

मायक्रोसॉफ्टचे मासिक पॅच अमेरिकेत महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. बुधवारी सकाळी दोन-तीन कमी महत्त्वाच्या संगणकांवर लावून टॅली, प्रिंटर, बारकोड चालतंय का पाहायचं आणि शुक्रवारपासून बाकीच्यांवर, असा क्रम बसवता येतो. असे गट पाडण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये हवी.

पायरी ६: कोणाकोणाकडे पाहावं

खरेदीआधी स्वतःचीच बिलं तपासा. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियम घेत असाल तर त्यात डिफेंडर फॉर बिझनेस येतं, ते संगणकांवरच्या त्रुटी दाखवतं, आणि अपडेट नियंत्रित करायला त्याच योजनेत इंट्यूनही आहे. पैसे भरूनही हे कधी सुरूच केलेलं नसतं. पुण्याच्या क्विक हीलच्या सिक्राइट उत्पादनांतही काही आवृत्त्यांत त्रुटी तपासणी आणि पॅचची सोय मिळते. तुमची आवृत्ती कोणती, ते डीलरला विचारा.

शोधणं आणि पॅच एकत्र देणाऱ्यांत चेन्नईच्या झोहोचं मॅनेजइंजिन आणि बंगळूरच्या सेकपॉडचं सेनर ही दोन्ही भारतीय नावं यादीत असावीत. क्वालिस, टेनेबल आणि रॅपिडसेव्हन ही मोठी आंतरराष्ट्रीय नावं. त्यांची त्रुटी शोधण्याची ताकद वादातीत आहे, पण पन्नास संगणकांच्या फर्मला त्यांचा पूर्ण पसारा झेपेलच असं नाही. टेनेबलचं नेसस प्रोफेशनल पुष्कळ सल्लागार वापरतात. ते उत्तम स्कॅनर आहे, पॅच मात्र लावत नाही. फुकटात ग्रीनबोनची सामुदायिक आवृत्ती, म्हणजे जुनं ओपनव्हास, आणि वाझुह आहेत. दोन्ही चांगली आहेत, पण लिनक्स सर्व्हर सांभाळणारा हात हवा. आपल्या कॉलेजांतून शिकलेला असा मुलगा किंवा मुलगी तुमच्याकडे असेल तर सुरुवात तिथूनच करा. नसेल तर ते फुकट सॉफ्टवेअर वेळेच्या रूपात महाग पडतं.

पायरी ७: ट्रायल स्वतः चालवा

विक्रेत्याच्या डेमोवर निर्णय घेऊ नका. ट्रायल मागा आणि वेगवेगळ्या जातीचे संगणक निवडा: अकाउंट्सचा, डिझाइनचा, मालकांचा लॅपटॉप, एखादा सर्व्हर, एखादा अगदी मंद चालणारा. एका रिकाम्या संगणकावर मुद्दाम जुना विनरार आणि जुना पीडीएफ रीडर टाकून ठेवा. सॉफ्टवेअरला ते किती वेळात दिसतात? पॅच पाठवल्यावर लागतो का? लागल्यावर त्रुटी यादीतून जाते, की नुसती "पाठवलं" अशी नोंद राहते?

रिपोर्टमधल्या काही ओळी निवडून हातानं पडताळा. आवृत्ती नवी असूनही त्रुटी दाखवत असेल तर ते खोटं निदान. थोडी सगळीकडे असतात, फार असली की तुमचा माणूस रिपोर्टवर विश्वास ठेवणं सोडतो. मंद संगणकावर एजंटनं टॅली अडखळतंय का, हे तिथं बसणाऱ्यालाच विचारा. आणि ट्रायल चालू असताना कामाच्या वेळेत मदत केंद्राला खरा प्रश्न घेऊन फोन करा. कोण उचलतं, किती वेळ लागतो, मराठी-हिंदीत समजावून सांगतात का, हे विकत घेतल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

पायरी ८: कोटेशन आणि करार

किंमत कशावर आहे ते आधी समजून घ्या: संगणकांवर, नेटवर्क पत्त्यांवर की स्कॅनरवर. वायफायवर आणि वायरवर असलेला एकच लॅपटॉप दोनदा मोजला जातो का? बंद केलेला संगणक किती दिवसांनी मोजणीतून जातो? किमान किती परवान्यांचं पॅकेज घ्यावंच लागतं? भाव डॉलरमध्ये असेल तर नूतनीकरणाच्या वेळचा दर कोणता? पहिल्या वर्षी मोठी सूट देऊन दुसऱ्या वर्षी भाव वाढवायची पद्धत आहे, म्हणून पुढच्या तीन वर्षांचा आकडा लेखी घ्या आणि १८ टक्के जीएसटी धरून तुलना करा.

या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या सगळ्या कच्च्या जागांची यादी असते, ती चोराच्या हाती लागली तर त्याचं निम्मं काम झालं. त्यामुळे त्याचं लॉगिन दुहेरी पडताळणीशिवाय ठेवूच नका. एएमसीवाल्याला वेगळं खातं द्या. तो बदलला की त्याच दिवशी ते बंद करा. क्लाउडवरचं असेल तर डेटा कोणत्या देशात राहतो आणि करार संपल्यावर कधी पुसला जातो, हे करारात हवं. जुने रिपोर्ट एक्सेल किंवा पीडीएफमध्ये काढून घेता यावेत, ऑडिटर तेच मागतो.

कायद्याच्या दोन गोष्टी माहीत असू द्या. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि सिस्टीमचे लॉग, म्हणजे संगणकावर कधी काय घडलं याच्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, वाजवी सुरक्षा न ठेवल्यानं डेटा फुटला तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हॉस्पिटल, शाळा, पतसंस्था यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे कायदा पाळला, असं कुणी विकताना सांगत असेल तर ते चुकीचं आहे.

घेतल्यावर पहिले तीन महिने

पहिला आठवडा फक्त सगळी यंत्रं यादीत आली का, हे पाहण्यात घालवा. पायरी १ मधली एक्सेल आणि सॉफ्टवेअरची यादी शेजारी ठेवा. जे एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, ते शोधा. त्यानंतर केईव्हीमधल्या आणि इंटरनेटवरून दिसणाऱ्या त्रुटी घ्या, त्यांना एका आठवड्याची मुदत लावा. उरलेल्या अतिगंभीर त्रुटींना महिना द्या. बाकीच्या नेहमीच्या मासिक पॅचमध्ये आपोआप कमी होत जातात. मालकांना महिन्याला दोनच आकडे दाखवा: मुदत उलटून गेलेल्या त्रुटी किती आणि ज्यांच्यावरचा एजंट काहीच कळवत नाही असे संगणक किती.

काही त्रुटी बंद होणारच नाहीत. डिझाइनचा पीसी विंडोज ७ वरच चालतो, कारण यंत्राचं सॉफ्टवेअर पुढच्या आवृत्तीवर चालत नाही आणि नवं यंत्र घेणं आज शक्य नाही. अशा पीसीचं इंटरनेट तोडा, त्याला नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवा, पेनड्राइव्ह एकच आणि तपासूनच वापरा, ईमेल तिथं उघडू देऊ नका. मग सॉफ्टवेअरमध्ये ती त्रुटी "अपवाद" म्हणून नोंदवा. त्यात कारण, केलेला बंदोबस्त, मालकांची मंजुरी आणि पुन्हा तपासायची तारीख लिहा. ही तारीख सहा महिन्यांपलीकडची नसावी.